तंबूची गाडी

"इंजिन काढून घेतलं, तर किती कमी कराल?"

हायवेवरच्या एका हॉटेलच्या मालकांनी हे इतक्या सहज विचारलं, की मला आधी कळलंच नाही. ते गाडीच्या डाव्या सीटवर बसले होते आणि दार लावायचा प्रयत्न करत होते. दार लागत नव्हतं.

"जरा वर उचलून ओढा," मी म्हणालो. "इंजिन काढून म्हणजे?"

"म्हणजे आम्हाला चालवायची नाहीय हो. दारात उभी करायची. मागच्या हौद्यात आइस्क्रीमचं काउंटर आणि पुढं बॉनेट उघडून आत झेंडूच्या कुंड्या. लोक फोटो काढतील." त्यांनी पुन्हा एकदा दार आपटलं. "आणि हे दार आपण काढूनच टाकू."

शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून माझी बायको रत्ना थर्मासमधला चहा कपात ओतत होती. तिनं घाईघाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

"ही गाडी विकायची नाही," मी म्हणालो.

"मग पेपरात जाहिरात कशाला दिलीय?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

खरं तर गाडी विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. वय झालं, मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली, तेव्हा शेड एका तरुण कारखानदाराला देऊन टाकली. गुढीपाडव्याला ताबा द्यायचा होता. मशिनं गेली, लोखंड गेलं, उरली ती ही पिकअप. घरी नेऊन लावावी, तर आमचं घर मंगळवार पेठेतल्या अशा बोळात, की समोरून म्हैस आली तर माणसानं कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहायचं. पाडव्यापर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही तर गाडी भंगारवाला नेणार, हे ठरल्यासारखंच होतं. तो दिवसाआड यायचा आणि आजाऱ्याच्या घरी चौकशीला आल्यासारखा, लांबूनच तिच्याकडं बघून मान हलवून जायचा.

गाडी पंचावन्न-छप्पन सालची, अमेरिकन बनावटीची. मी ती भंगाराच्या अड्ड्यावर पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिला चाकं नव्हती आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत मला ताबा मिळाला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या गाडीत जीव ओतला. रत्नाचं म्हणणं, जीवच नव्हे, घरातलं इतरही बरंच काही ओतलं. जुनं खोकणारं इंजिन काढून नव्या जीपगाडीचं डिझेल इंजिन बसवलं. पाच गिअर, पॉवर स्टेअरिंग, चारी चाकांना डिस्क ब्रेक, खालचे पाटे काढून मऊ स्प्रिंगा, आत एसी. बाहेरून गाडी आजोबांची, आतून नातवाची. पत्र्यावर एक पोचा म्हणून शिल्लक ठेवला नाही. फक्त डाव्या बाजूचं दार तेवढं मला वश झालं नाही. बिजागऱ्या बदलल्या, कुलूप बदललं, तरी ते वर उचलून ओढल्याशिवाय लागायचं नाही, आणि उचलून ओढलं तरी पहिल्या झटक्यात कधीच लागायचं नाही.

पण माझं दुःख दाराचं नव्हतं. एवढं सगळं करून गाडी रस्त्यावर काढली, की लोक थांबायचे, बघायचे आणि म्हणायचे, "अरे, ही तर तंबूची गाडी!"

एकेकाळी ही गाडी गुलशन टुरिंग टॉकीजची होती. जत्रेत, उरुसात तंबू ठोकून सिनेमे दाखवणारी कंपनी. गाडीला कर्णा बांधून गावोगाव जाहिरात करत फिरायची. पत्र्यावरचं नाव मी कधीच घासून काढलं होतं, पण पन्नाशी उलटलेल्या माणसांच्या डोक्यातून ते काही निघेना. रंकाळ्यावर एकदा एका आजोबांनी बॉनेट थोपटत मला त्यांनी तंबूत बघितलेल्या सिनेमांच्या गोष्टी गाण्यांसकट सांगितल्या आणि शेवटी विचारलं, "तुम्ही ड्रायव्हर काय?" पंपावर तेच, लग्नात तेच. माझा सख्खा मेहुणासुद्धा 'येताना तंबूची गाडी आणा' म्हणायचा. 'मगदूमांची गाडी' असं माझ्या नावानं एखाद्यानं निदान चुकून तरी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून गाडी द्यायची ती मी काय केलंय हे ज्याला कळेल त्यालाच, असं मी ठरवून टाकलं होतं.

"असा माणूस असता," रत्ना म्हणाली, "तर एव्हाना त्याचीही बायको माझ्यासारखी कुठल्यातरी शेडमध्ये चहा ओतत बसली असती."

त्याच आठवड्यात नसीम मुल्ला आल्या. कसबा बावड्यात राहणाऱ्या, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मी मागोमाग चालत माझं पाठ झालेलं भाषण म्हणून दाखवत होतो. डिस्क ब्रेकपर्यंत आलो, तेव्हा त्या थांबल्या.

"ही आमची होती," त्या म्हणाल्या. "गुलशन टॉकीज माझ्या अब्बांचं. मी या हौद्यात बसून गावं फिरलेय."

झालं, पुन्हा तंबू, असं माझ्या मनात आलं.

"घराघरात व्हिडिओ आला आणि तंबू बंद पडला. गाडीही गेली. अब्बा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण हल्ली हल्ली त्यांनी अंथरूणच धरलंय. आजार असा काही नाही, डॉक्टर म्हणतात. भिंतीकडं तोंड करून पडतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत. परवा तुमची जाहिरात मी त्यांना वाचून दाखवली, तर उठून बसले. म्हणाले, 'आपलीच हाय ती. मला घेऊन चल.' आणि भात मागून घेतला." त्यांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. "उद्या त्यांना आणते. त्यांना ती पटली, तर मी घेते. जरा सांभाळून घ्या, एवढंच."

वास्तविक 'वाचून दाखवली' एवढ्या दोन शब्दांवरून कुणाही शहाण्या माणसाला पुढचं कळलं असतं. मी मात्र वेगळ्याच आनंदात होतो. आजवर ज्यांनी गाडी ओळखली, ते सगळे तंबूतले प्रेक्षक. उद्या येणार होता तो साक्षात मालक! गाडी काय होती आणि मी तिचं काय केलं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? म्हातारा हरखून जाईल, मला मिठी मारील, तेव्हा आपण नम्रपणे काय बोलायचं, हेही मी रात्री घरच्या जिन्यात उभं राहून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी धुतली, पुसली, मेण लावलं, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला.

"बघायला कुणाला येणारेत?" रत्नानं विचारलं. "गाडीला की तुम्हाला?"

रिक्षा आली. नसीमबाईंच्या खांद्यावर हात ठेवून दस्तगीर मुल्ला उतरले. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरी टोपी, डोळ्याला काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं दिसतंय, असं मी ठरवून मोकळा झालो.

"या, या अब्बा! आधी रंग बघा. ऊन पडलं की निळा दिसतो, सावलीत हिरवा."

"असंल," ते म्हणाले.

"आणि आता ही गंमत बघा." मी चालू गाडीच्या बॉनेटवर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. हा माझा हुकमी एक्का होता. इंजिनाला एवढीही थरथर नाही, हे दाखवायचा उद्यमनगरातला जुना रिवाज. "बघा! पडतंय का? नीट जवळून बघा!"

रत्नानं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की मी ओरडायचाच राहिलो. नसीमबाई खाली बघत म्हणाल्या, "अब्बांना दिसत नाही हो. बरीच वर्षं झाली."

नाणं उभंच होतं. माझ्यासाठी जमीन दुभंगायला हरकत नव्हती, पण उद्यमनगरातल्या कोब्याची जमीन तेवढी पक्की होती. शेवटी अब्बांनीच मला त्यातून सोडवलं.

"दिसत न्हाई म्हणून काय झालं मालक, ऐकाय येतंय की झ्याक. चालू करा गाडी."

"चालूच आहे," मी हळूच म्हणालो.

"आं?"

"चालू आहे, अब्बा. मघापासून."

त्यांनी पुढं होऊन बॉनेटवर तळवा टेकवला. माझं नाणं खाली पडलं आणि गाडीखाली घरंगळत गेलं. अब्बा बराच वेळ तसेच उभे राहिले, दार ठोठावून आतून कुणी ओ देतंय का याची वाट बघितल्यासारखे. मग त्यांचा हात डाव्या मडगार्डवर गेला, पुढं मागं फिरला, पुन्हा फिरला.

"हितं बैलानं शिंग मारल्यालं. वाडीच्या जत्रंत. मूठ बसायची आत."

तो पोचा भरायला मला अख्खा दिवाळीचा पाडवा लागला होता. नसीमबाईंनी त्यांना उजवीकडं नेऊन स्टेअरिंगपुढं बसवलं. ते गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या मानेवर शोधू लागले. तो मी खाली नेला होता. त्यांनी हॉर्नचा रबरी फुगा शोधला. मी तो काढून टाकला होता. सीटखाली हात घातला, डॅशबोर्डवर बोटं फिरवली, वाकून वास घेतला. वास नव्या गालिच्याचा आणि माझ्या मेणाचा होता. एक एक करून माझी सगळी कर्तबगारी त्यांच्या बोटांखालून गेली, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

ते खाली उतरले.

"नसीम, ही आपली गाडी न्हवं. कुणीतरी फसवतंय तुला. चल घरला."

आता याची गंमत बघा. इतकी वर्षं माझी एकच इच्छा होती, की ही तंबूची गाडी नाही असं एका तरी माणसानं म्हणावं. आणि तो माणूस समोर उभा राहून ते म्हणत होता, तर मी त्याच्या पुढ्यात हात जोडून जवळजवळ ओरडत होतो, "अहो अब्बा, तंबूचीच आहे ही! शप्पत, तंबूचीच आहे!"

"न्हाई मालक," ते शांतपणे म्हणाले. "तुमची चूक न्हाई. तुमाला बी कुणी इकताना खोटं सांगितलं आसंल."

नसीमबाई त्यांना रिक्षाकडं घेऊन निघाल्या. परवापरवा भात मागून घेणारा माणूस घरी जाऊन पुन्हा भिंतीकडं तोंड करणार, हे त्यांच्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं. मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. मी गाडी नवी केली म्हणत होतो, आणि या माणसाच्या दृष्टीनं मी ती नाहीशी केली होती.

"अहो," रत्ना म्हणाली, "गूळ."

"आत्ता गुळाचं काय काढलंस?"

"दरवर्षी आपल्याकडं केर्लीहून गुळाची ढेप येते ती कशाची? जुनं इंजिन कुणाला दिलंत तुम्ही?"

मी रिक्षामागं पळालो. माझ्या वयाला आणि त्या शर्टाला ते शोभलं नसावं, कारण पलीकडच्या फौंड्रीतली माणसं काम थांबवून बघत होती.

"अब्बा, इंजिन आहे! तुमच्या गाडीचं इंजिन आहे. केर्लीला सर्जेराव चौगल्यांच्या गुऱ्हाळावर. अजून चालू आहे."

काळा चष्मा माझ्याकडं वळला. "चालू हाय?"

"दिवाळीपासून रोज."

पुढच्या सीटवर तिघंच मावतात, म्हणून रत्ना स्टूल घेऊन मागच्या हौद्यात चढली. इतक्या वर्षांत ती माझ्या गाडीत पहिल्यांदा बसली, ती अशी. पदर कमरेला खोचून, एका हातानं हौद्याची कड धरून, निवडणुकीच्या उमेदवारासारखी. अब्बा माझ्या शेजारी मधे बसले आणि दाराकडेला नसीमबाई. दार लावायला त्यांनाही तीन झटके लागले.

शिवाजी पूल ओलांडून आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. मला वाटलं, आता तरी चाल कळेल. खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं. "अब्बा, ही स्प्रिंग बरं का..." असं म्हणून मी बाजूला बघितलं, तर अब्बांची मान माझ्या खांद्यावर कलंडली होती. ते झोपले होते. घोरत होते म्हणालो तरी चालेल. पॉवर स्टेअरिंगबद्दल मला जे सांगायचं होतं, ते मी नसीमबाईंना सांगितलं. त्यांनी चांगल्या शिक्षिकेसारखं सगळं ऐकून घेतलं.

केर्लीच्या अलीकडं शेतात वळलो. उसाच्या गाड्यांनी रस्ता उखणला होता. गुळाचा वास यायला लागला म्हणून मी काच खाली केली, आणि त्याबरोबर माझ्या खांद्यावरची मान ताठ झाली.

"थांबवा."

मी थांबवली. उसाच्या फडापलीकडून आवाज येत होता. धड धड धड धड, मग एक बारीकसा खोकला, पुन्हा धड धड धड धड. त्या खोकल्यापायीच मी ते इंजिन काढून दिलं होतं.

"कुणाचा खेळ चालू हाय?" अब्बांनी विचारलं.

"अब्बा," नसीमबाई म्हणाल्या, "भर दुपार आहे."

"मग म्याटिनी आसंल."

ते उतरले आणि चालू लागले. मघा लेकीच्या खांद्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस आता तिलाच ओढत नेत होता. चिपाडांच्या ढिगाला वळसा, रस उकळणाऱ्या काहिलीच्या धगीला वळसा. काहिलीजवळून सर्जेराव ओरडले, "म्हाताऱ्याला धरा रं! इंजिनाचा पट्टा हाय तितं!" पण अब्बा पट्ट्यापासून हातभर अलीकडंच उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला, पट्ट्याचा वारा बोटांवर घेतला आणि चष्मा काढला. कशाला काढला, कोण जाणे. दिसत तर काहीच नव्हतं.

इंजिन खोकलं.

"अजून खोकतंय," ते म्हणाले आणि हसले. तोंडात दोन-तीनच दात उरले होते, ते सगळे दिसले. "नसीम, ऐकलंस काय? अजून खोकतंय गं!"

मग त्यांना बोलायचं सुचलं. गाडी तंबूमागं उभी करायची, मागचं एक चाक काढून तिथं पट्टा चढवायचा, पट्ट्यावर डायनामो, आणि डायनामोवर सिनेमा. इंजिन खोकलं, की पडद्यावरचा उजेड क्षणभर बसायचा.

"हिरोईनचं तोंड काळं पडायचं जरा. लोकं काय म्हनायची ठावं हाय? लाजली! लाजली! शिट्ट्या निस्त्या. एकदा इंजिन दुरुस्त करून घ्येतलं, खोकला बंद. तर गावातली माणसं तंबूच्या दारात आली. म्हनाली, ही हिरोईन लाजत न्हाई, आमचं पैसं परत करा."

सर्जेराव हसून हसून काहिलीला टेकायचे राहिले. मला मात्र गप्प राहवेना. "माझीच चूक, अब्बा. ओरिजिनल इंजिन मी काढायला नको होतं."

"वरिजनल?" ते माझ्याकडं वळले. "वरिजनल कुठलं, मालक? ह्या गाडीचं इंजिन पेट्रोलचं हुतं. दारू प्याल्यासारखं प्यायचं. ते मीच काढून फेकलं आनि ह्ये डिझेलचं घातलं. कारखान्याच्या एका सायबाची गाडी हुती ती. मी एवढं सगळं केलं, तंबू घिऊन मुलुख पालथा घातला, तरी लोकं म्हनायची, 'सायबाची गाडी आली!' लई राग यायचा मला."

"मग तंबूची गाडी कधी म्हणायला लागले?" मी विचारलं.

"तंबू मोडला, गाडी इकली, तवा."

असं म्हणून ते इंजिनाजवळ चिपाडांवर मांडी घालून बसले. रस प्याले. उसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेऊन चाटला. मग सर्जेरावांच्या माणसांनी भाकरी सोडल्या, तेव्हा मान वर करून म्हणाले, "एक चतकूर मला बी द्या. आनि ठेचा आसंल तर बघा." नसीमबाई एकदम उठून उसाच्या फडाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. रत्ना त्यांच्यामागं गेली. दोघी बराच वेळ तिकडंच होत्या.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. या खेपेला नसीमबाईंनी अब्बांना काचेजवळ बसवलं, वारा लागावा म्हणून. अब्बांनी दार उचललं आणि ओढलं. टक. एका झटक्यात लागलं. मला नवल वाटलं, पण मी तेव्हा गाडीचं आता काय करायचं या विचारात होतो आणि सर्जेराव मागच्या हौद्यात गुळाची ढेप ठेवत होते.

अब्बा काही वेळ दारावर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "ही कुणाची गाडी हो, आपण आलो ती?"

नसीमबाईंनी माझ्याकडं बघितलं. काय सांगायचं ते माझ्यावर होतं. सकाळचं 'तंबूचीच आहे' माझ्या ओठावर आलं होतं. पण या माणसाला त्याची गाडी भेटली होती, आणि ती मागं गुऱ्हाळावर धडधडत होती. तिला खोटं पाडायचं मला धाडस होईना.

"माझी," मी म्हणालो. "मगदूमांची."

"ब्येस हाय," अब्बा म्हणाले. "झोप लागती." आणि पूल यायच्या आत पुन्हा झोपले.

गाडी नसीमबाईंनी घेतली. मी म्हणालो, "अब्बांना ती आपली वाटत नाही, मग कशाला घेता?" त्या म्हणाल्या, "गुऱ्हाळावर न्यायला काहीतरी हवंच ना. रिक्षात त्यांची हाडं खिळखिळी होतात. यात झोपतात." म्हणजे माझ्या सगळ्या कारागिरीचा उपयोग एवढाच, की एका म्हाताऱ्याला माझ्या जुन्या इंजिनापर्यंत झोपवून न्यायचं. ज्याला सगळं कळेल असं गिऱ्हाईक शोधत होतो. मिळालं ते घोरणारं. तरीही मी किल्ली त्यांच्या हातात दिली, तेव्हा मला बरं वाटलं. पाडव्याला शेड रिकामी दिली. भंगारवाला आला, रिकामी जागा बघून मान हलवून गेला.

गुऱ्हाळं चालू असेपर्यंत नसीमबाईंचा भाचा इरफान अब्बांना दर आठवड्याला केर्लीला न्यायचा. असे तीन हंगाम झाले. चौथ्या दिवाळीच्या आधी अब्बा गेले. मी आणि रत्ना भेटायला गेलो. दारात गाडी उभी होती. तिच्यावर एक पोचा पडला होता, डाव्या मडगार्डवर. मी त्यात मूठ घालून बघितली. बसली.

निघताना नसीमबाई गाडीपाशी आल्या.

"तुम्हाला सांगायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "अब्बांना माहीत होतं."

"काय?"

"गाडी कुठली ते. त्या दिवशी गुऱ्हाळावरून निघताना दार लावलं ना त्यांनी, तेव्हाच कळलं. हे दार त्यांच्याच्यानं पण कधी दुरुस्त झालं नव्हतं. घरी आल्यावर मला म्हणाले, आपलीच हाय गं ती."

"मग मला का विचारलं? कुणाची म्हणून?"

"मीही तेच विचारलं." त्यांनी दारावर हात ठेवला. "म्हणाले, 'त्या माणसानं केवढी मेहनत घेतलीय. पत्र्याला हात लावला तवाच कळलं मला. आनि बिचारा सकाळधरनं तंबूची तंबूची म्हणून रडकुंडीला आलाय. एकदा तरी त्याच्या तोंडनं त्याचं नाव येऊ दे.' नंतर गल्लीत कुणीही विचारलं, की तेच सांगायचे, मगदूमांची गाडी. इरफानलासुद्धा दुसरं काही म्हणू दिलं नाही."

मी काय बोललो, मला आठवत नाही. बहुधा डिस्क ब्रेकचं तेल बदलायला हवं, असं काहीतरी बोललो असेन. गल्लीच्या तोंडापर्यंत रत्ना माझा दंड धरून चालत होती, आणि या वेळी चिमटा काढत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं रंकाळ्याच्या कट्ट्यावर शेंगा खात बसलो होतो. समोरून ती गाडी गेली. इरफान चालवत होता. नव्या इंजिनाचा आवाज नाही, काही नाही, पाण्यावरून गेल्यासारखी गेली. शेजारी एक गृहस्थ नातीला घेऊन बसले होते. बावड्याचे असावेत. त्यांनी नातीला बोट दाखवलं.

"ती बघ, मगदूमांची गाडी!"

रत्नानं मला कोपरानं ढोसलं. "सांगा की आता," ती कुजबुजली. "इतकी वर्षं थांबलायत."

मी त्या गृहस्थांकडं वळलो. घसा खाकरला.

"नाही हो," मी म्हणालो. "तंबूची गाडी आहे ती."